कुंडीतली झेंडी

आमच्याकडे पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा भरते, तेव्हा परीक्षकाने तोंड कसं ठेवायचं याचेही नियम असतात. हसायचं नाही, भुवई उडवायची नाही, मालकाकडे बघायचं नाही. वर टांगलेल्या पिंजऱ्यांत शामा पक्षी शेपट्या नाचवत गळे फाडत असतात, दोरीच्या बाहेर मालक मंडळी देवाचा धावा करत असतात, आणि खाली परीक्षक मात्र वीजबिलाच्या रांगेत उभा असल्यासारखा. पाक पार्तोनो (आमच्याकडे मानाने पुरुषाच्या नावाआधी पाक आणि बाईच्या नावाआधी बु लावतात) या कामात सगळ्यांचे गुरू. तीस वर्षं त्यांनी परीक्षण केलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून निकाल ओळखला असं सांगणारा माणूस आमच्या अख्ख्या क्लातेन गावात सापडायचा नाही.

त्यामुळे त्यांचा चेहरा आजारानेच लाकडासारखा झाला, तेव्हा दोन वर्षं कुणाला पत्ताच लागला नाही. उलट लोक कौतुक करायचे, पाक पार्तोनो आता आणखीनच मुरले म्हणून.

तसं म्हणणाऱ्यांत मीही होते. मी बु वार्सी. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं पक्ष्यांच्या खाण्याचं दुकान आहे. रातकिडे, मुंग्यांची अंडी, गांडुळं, दळलेलं खाद्य, जे मागाल ते. पक्ष्याला काय झालंय ते मला पिंजऱ्याच्या बाहेरून कळतं असा माझा लौकिक आहे, आणि तो बराचसा मीच पसरवलेला आहे. त्या लौकिकाचं पुढे काय झालं, तेही या गोष्टीत येईलच.

चेहऱ्यापाठोपाठ हाताची पाळी आली. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरायचा. चहाची बशी किणकिणायला लागली तेव्हा बु तुमिनांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना ओढून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन असल्याचं सांगून गोळ्या सुरू केल्या. पाक पार्तोनोंनी एकच प्रश्न विचारला, यात कानाला काही होतं का. नाही म्हटल्यावर "मग ठीक आहे" म्हणून उठले आणि त्याच आठवड्यात स्पर्धेला उभे राहिले.

आमच्या परीक्षकाच्या हातात तीन रंगांच्या छोट्या झेंड्या असतात. ऐकण्याजोगं गाणं असेल त्या पिंजऱ्याखाली मातीत पांढरी रोवायची, चांगलं असेल त्याला निळी, आणि सगळ्यांत वरचढ असेल त्या एकालाच पिवळी. गाण्यात काही नसेल तर काहीच रोवायचं नाही. त्या दिवशी पाक पार्तोनो पिवळी झेंडी घेऊन दोन पिंजऱ्यांच्या मधे उभे होते आणि झेंडी हातात लटपटत होती. फरशांचे व्यापारी पाक सेत्यादी यांचा पक्षी त्या दोघांतला एक. ते दोरीबाहेरून मोठ्याने म्हणाले, "पाक, झेंडीचं अजून ठरत नाहीये वाटतं. का कुणी सांगायचं राहिलंय?"

लोक हसले. पहिल्या वाक्याला हसले असतील, पण टोचलं ते दुसरं. तीस वर्षांत या माणसाने कुणाच्या घरचा चहासुद्धा स्पर्धेच्या आठवड्यात घेतला नव्हता. पाक पार्तोनोंनी झेंडी रोवली, दुसऱ्या पिंजऱ्याखाली रोवली, आणि तिथेच ती रोवायला हवी होती, हे मी त्या गाण्याची शपथ घेऊन सांगते. मग घरी गेले. दुसऱ्या दिवशी परीक्षकाचा सदरा इस्त्री करून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडे परत पाठवून दिला.

त्यानंतर ते गप्प झाले. पहिल्यापासून कमीच बोलायचे, पण हे गप्प होणं निराळं. त्यांचा स्वतःचा शामा होता, किडुंग. रोज सकाळी दोन तास त्याच्यासमोर बसून ते शीळ घालायचे आणि तो ती उचलायचा. शीळ बंद झाली. जेवण चार घासांवर आलं. पलंगाच्या काठावर भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. बु तुमिना माझ्या दुकानात आल्या आणि रातकिड्यांच्या खोक्यावर टेकून त्यांनी हे सगळं मला सांगितलं.

आता बघा, शामा वर्षातून एकदा पिसं गाळतो. तेव्हा तो गात नाही, खात नाही, अंग फुगवून कोपऱ्यात बसतो. नवा माणूस घाबरतो, शीळ घालतो, पिंजरा हलवतो, आणि पक्षी कायमचा बिघडवतो. आम्हा जुन्या लोकांना ठाऊक असतं की अशा वेळी त्याला अजिबात छेडायचं नाही. पिंजऱ्यावर जाड कापड घालायचं, शांत अंधाऱ्या जागी टांगायचं, आंघोळ बंद आणि किडे दुप्पट. दोन-तीन महिन्यांत नवी पिसं येतात आणि गळाही नवा होऊन येतो.

मी म्हटलं, "बु तुमिना, काळजी नको. तुमचे पाक पिसं गाळतायत."

अर्धं मी गमतीने म्हटलं होतं. पण आमच्या गल्लीत घरटी एक पिंजरा. ज्याने त्याने ऐकलं आणि मान डोलावली, आणि चार जणांनी मान डोलावल्यावर मलाही ते पटलं. खोलीला जाड पडदे लागले. रेडिओ बंद झाला. भेटायला येणाऱ्यांना फाटकातूनच परत पाठवायचं ठरलं. गल्लीतले लोक त्यांच्या खिडकीखालून चपला हातात घेऊन जायचे. दिवसाला दोन अंडी, मासे, पालेभाजी, सगळं दुप्पट. आंघोळ बंद करायचं मात्र बु तुमिनांनी ऐकलं नाही, तेवढी अक्कल त्यांना माझ्याहून जास्त होती.

चौथ्या महिन्यात त्या विचारायला आल्या, तीन महिने तर होऊन गेले. मी सांगितलं, वय झालेला पक्षी वेळ घेतो. सहाव्या महिन्यात मी खाणं बदलायला सांगितलं. आज हे लिहिताना कान लाल होतात, पण तेव्हा मी ते अगदी तज्ज्ञाच्या थाटात सांगत होते.

इकडे किडुंग शिळेवाचून सुस्तावायला लागला, म्हणून बु तुमिना स्वतःच रोज सकाळी त्याच्यासमोर बसून शीळ घालू लागल्या. त्यांचा समोरचा एक दात पडलेला. शीळ कमी आणि वारा जास्त. पण न चुकता बसायच्या. पडद्याआड ते, बाहेर ओसरीवर त्या, आणि मधे तो पक्षी.

आठव्या महिन्यात एका सकाळी त्या टॉवेल हातात घेऊन तशाच दुकानात आल्या. उद्या फणसाचं गुडेग करते, तुम्हाला आवडतं, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. त्यावर ते म्हणाले होते, "उद्याचं मला सांगत जाऊ नकोस. उद्या उजाडलं नाही तरी माझं काही अडत नाही. आणि किडुंग सेत्यादींना देऊन टाक. तिथे त्याला ऐकणारं तरी कुणी असेल."

पक्षी गप्प बसतो, खाणं सोडतो, पण असलं काही बोलत नाही. आणि ज्याने भर मैदानात अब्रू काढली त्यालाच आपला पक्षी देणारा माणूस मी आमच्या धंद्यात कधी पाहिला नव्हता. पहिल्यांदा मी घाबरले. बु तुमिनांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा.

गोळ्या आणायला त्या दर महिन्याला एकट्याच जायच्या आणि मेंदूच्या डॉक्टर तियुर यांना सगळं बरं आहे म्हणून सांगायच्या. या वेळी डॉक्टरांनी विचारलं, पाक का येत नाहीत. बु तुमिनांनी खरं ते सांगितलं, की ते पिसं गाळतायत, अगदी साध्या आवाजात, जणू हे कुणालाही कळावं. डॉक्टर तियुर उत्तरेकडच्या, बताक लोकांतल्या. त्यांचं नेहमीचं बोलणं म्हणजे आमच्याकडचं भांडण. त्या भांडल्या तर काय होतं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण हे निदान कुणाचं असं त्यांनी विचारलं होतं आणि बु तुमिनांनी माझं नाव पत्त्यासकट सांगितलं होतं.

पाकना घेऊन आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टरांनी किती महिने म्हणून विचारलं, मी आठ म्हणाले.

"आठ महिने माणसाला पडद्यात कोंडलंत?" डॉक्टर म्हणाल्या. "बु, मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, म्हणून मी पक्ष्यांना औषध देत नाही. तुम्ही माणसांना का देता?"

मग आवाज जरा खाली आणून त्यांनी समजावलं. ज्या आजाराने हात थरथरतो आणि चेहरा गोठतो, तोच आजार पुष्कळ जणांच्या मनावरही उतरतो. हा रुसवा नाही, म्हातारपण नाही, सेत्यादींचा टोमणाही एकटा याला पुरणार नाही. याला नैराश्य म्हणतात आणि त्याला उपचार असतात. अशा माणसाला एकटं अंधारात ठेवणं तर अगदीच उलटं. मी खाली बघत ऐकलं. पाक पार्तोनोही ऐकत होते, पण दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं ऐकत होते.

मग डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद काढला. झोप कशी? "बरी आहे, डॉक्टर." भूक? "बरी आहे." जगावंसं वाटतं का? "बरंय, डॉक्टर, आभारी आहे." आता आमच्याकडे ही रीतच आहे. डॉक्टरबाई एवढं शिकून आल्यात, मनापासून विचारतायत, त्यांना वाईट बातमी देऊन कशाला दुखवायचं. बेरीज झाली तेव्हा डॉक्टर कागदाकडे बघत राहिल्या.

"या कागदाप्रमाणे," त्या म्हणाल्या, "हे माझ्यापेक्षा सुखात आहेत."

तेव्हा मी तोंड उघडलं. मला वाटतं आठ महिन्यांत मी शहाणपणाचं एवढंच बोलले. मी म्हटलं, यांना प्रश्न विचारू नका, झेंडी द्या. तोंडाने हे कुणालाही बरं म्हणतील, पण नालायक गाण्याखाली यांच्या हातून झेंडी पडणार नाही, समोर राजा असला तरी. डॉक्टरांनी झेंड्यांचं सगळं नीट विचारून घेतलं आणि फाइलमध्ये लिहिलं. ठरलं असं की ओसरीवरच्या जास्वंदीच्या कुंडीत रोज संध्याकाळी पाक पार्तोनोंनी त्या दिवसाचा निकाल लावायचा. त्यांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. पण तीन झेंड्या मी त्यांच्यापुढे धरल्या तेव्हा त्यांनी त्या घेतल्या, आणि काठ्या सरळ आहेत का ते बघितलं.

त्या संध्याकाळी कुंडी रिकामी. पुढचा महिनाभर रिकामी. मनाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण त्यांनी चक्कर यायची, दोनदा न्हाणीघरात पडले. डॉक्टरांनी गोळी अगदी थोडीशी ठेवली आणि लोहचुंबकाचा उपचार सुचवला.

शॉक देणार म्हणून मी आधीच हादरले होते. डॉक्टर म्हणाल्या, शॉक नाही, भूल नाही, कापाकापी नाही. कपाळाच्या डाव्या बाजूला एक चपटं वेटोळं टेकवायचं, त्यातून चुंबकाचे बारीक ठोके आत जातात आणि मनाचा जो भाग सुस्तावलाय त्याला जागं करायचा प्रयत्न करतात. आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आधी सांगता येत नाही. आणि हाताच्या थरथरीसाठी हे नाही, ती राहणार. मग त्यांनी विचारलं, पूर्वी कधी फिट आली होती का, डोक्यात काही धातूबितू बसवलाय का.

"डोक्यात फक्त पक्षी आहेत," बु तुमिना म्हणाल्या, आणि एवढं मोठं बोलल्याबद्दल स्वतःच लाजल्या.

पहिल्या दिवशी ठोक्याचा जोर ठरवायला वेटोळं डोक्यावर इकडे तिकडे सरकवून बघतात. एका जागी ठोका पडला आणि पाक पार्तोनोंचा उजवा अंगठा टुणकन उडाला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. पुन्हा ठोका, पुन्हा अंगठा. मी असते तर किंचाळले असते. ते मात्र दुसऱ्याच्या कोंबड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत होते.

यंत्र मोठा आवाज करतं म्हणून कानांत बोळे घालायला देतात. मला वाटलं होतं इथे तरी ते अडतील. हा माणूस सर्दी झाली तर कानात थंड हवा जाऊ नये म्हणून आठवडाभर मफलर बांधून हिंडणारा. पण त्यांनी मुकाट्याने बोळे घातले, सदऱ्याची बटणं लावावीत तसे. बाहेर बाकावर बसून काचेतून मी ते पाहिलं आणि मला भयंकर वाईट वाटलं. माझ्या शहाणपणाची किंमत हा माणूस देत होता.

म्हणून वीस दिवस त्यांना नेण्या-आणण्याचं मी अंगावर घेतलं. माझ्या मालाच्या गाडीत पुढे मी आणि पाक, मागे बु तुमिना आणि रातकिड्यांची खोकी. जाताना तासभर, येताना तासभर, मागून सगळी खोकी किरकिरत असायची. मी आपली बडबडत राहायची. मंडळात नवीन कोण आलं, स्वस्तात किडे कोण विकतंय, सेत्यादींच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं. उत्तर नाही. संध्याकाळी कुंडी रिकामी. दहा दिवस झाले, अकरा झाले, बारा झाले. बु तुमिनांनी माझ्याकडे बघायचंही सोडलं, कारण बघितलं की मला काहीतरी धीराचं बोलावं लागायचं आणि आता माझ्या धीरावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यात त्यांची काही चूक नाही.

तेराव्या दिवशी परत येताना साखर कारखान्याचा चढ लागला, आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"त्या यंत्राला दम चांगला आहे."

मी गाडी चालवत राहिले.

"ठोका खणखणीत. बोळे घातले तरी हाडातून ऐकू येतो. पण सारखं तेच. चार सेकंद ठोकायचं आणि मग अर्धा मिनिट गप्प, पुन्हा तेच. फेरफार नाही, उतार नाही. एवढ्यावर पांढरीसुद्धा मिळायची नाही."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून भोंगे वाजायला लागले. वर्ष होत आलं होतं, या माणसाने कशालाही बरं-वाईट म्हटलं नव्हतं. मागून बु तुमिनांनी दोन्ही सीटच्या मधून डोकं घातलं. त्यांचं तोंड रडून भिजलेलं होतं. पाक पार्तोनोंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"वार्सी, गाडी का थांबवलीस? चढावर थांबवतात का?"

त्या संध्याकाळी कुंडीत पांढरी झेंडी होती. कशाबद्दल ते आम्ही विचारलं नाही. बु तुमिनांनी जास्वंदीला पाणी घातलं ते झेंडीला थेंब लागू नये अशा बेताने.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. पुढचे दोन दिवस कुंडी पुन्हा रिकामीच होती. मग पांढरी, मग रिकामी, मग सलग तीन पांढऱ्या. एका शुक्रवारी निळी लागली आणि आमची गल्ली कुंडी बघायला फाटकाशी जमली, तेव्हा पाक पार्तोनोंनी सगळ्यांना हाकललं. डॉक्टर तियुर कागदावरचं "बरंय, डॉक्टर" वाचायच्याही नाहीत. आधी विचारायच्या, कुंडी काय म्हणते.

डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही खोलीचा पडदा कितीदा उघडला, पण ते तो पुन्हा ओढून घ्यायचे. सतराव्या दिवशी त्याच पडद्याजवळ उभे राहून म्हणाले, हे गोणपाट इथे कुणी लावलंय? बु तुमिनांनी माझ्याकडे पाहिलं. मी रातकिडे मोजायला लागले. पडदा निघाला आणि पाक पार्तोनो ओसरीवर येऊन किडुंगसमोर बसले. किडुंगने त्यांना ओळखलं, शेपटी उभारली आणि गायला सुरुवात केली. काय गायला म्हणून सांगू. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी फुस्स असा आवाज काढायचा. पडक्या दाताचा वारा त्याने हुबेहूब उचलला होता.

पाक पार्तोनोंनी तीन वेळा नीट ऐकलं. "एवढ्या महिन्यांत तू माझा पक्षी पार बिघडवलास," ते बायकोला म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आजाराचं काहीतरी नवीन सुरू झालं. मग कळलं की ते हसत होते. चेहरा हलत नव्हता, एवढंच.

वीस दिवस संपले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे सगळं तोंडावर सांगितलं. हात असाच राहील, पुढे वाढेलही. मन पुन्हा उतरू शकतं, कुंडी चार-पाच दिवस रिकामी दिसली तर यायचं, परत ठोके द्यावे लागले तर देऊ. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, मधल्या काळात यांचा सल्ला घ्यायचा नाही. मी म्हटलं, बरंय, डॉक्टर.

महिन्याभराने वीटभट्टीच्या मैदानावर सरावाची छोटी स्पर्धा होती आणि मंडळाकडे परीक्षक कमी होते. पाक पार्तोनोंना विचारायला माणूस आला. त्यांनी नाही म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा नाही म्हटलं. बु तुमिनांची झोप उडाली. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, गेले आणि पुन्हा कुणी हसलं तर हे परत पलंगाच्या काठावर जाऊन बसतील, आणि या वेळी मी त्यांना कुठून ओढून आणू? मी काहीच सल्ला दिला नाही. मला तशी ताकीदच होती. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, मला काय विचारता, त्यांना विचारा. बु तुमिनांनी कधी नव्हे ते सरळ विचारलं. ते म्हणाले, सदरा परत मागवून घे.

रविवारी मी दोरीबाहेर बु तुमिनांचा हात धरून उभी होते. कुणी कुणाचा धरला होता ते नक्की सांगता यायचं नाही. चोवीस पिंजरे वर चढले. पाक पार्तोनो खालून चालत होते, आखूड पावलं टाकत, वळताना जरा अडखळत. पांढऱ्या रोवल्या, निळ्या रोवल्या. वेळ लागत होता, पण कुणी कुरकुर केली नाही. शेवटी हातात एकच पिवळी राहिली. ते अकरा नंबरच्या पिंजऱ्याखाली थांबले. अकरा नंबर पाक सेत्यादींचा. झेंडी त्यांच्या हातात जोरात थडथडत होती, काठीचा आवाज येत होता. पाक सेत्यादी दोरीशीच उभे होते. ते टोमणा मारायच्या इराद्याने बोलले की नुसतं त्यांच्या तोंडून निघून गेलं, ते मला आजही कळलेलं नाही.

"अजून ठरत नाही का, पाक?"

बु तुमिनांची नखं माझ्या मनगटात रुतली. पाक पार्तोनोंनी मान वळवली नाही. परीक्षक मालकाकडे बघत नाही.

"हात हलतोय, पाक सेत्यादी. निकाल ठरलाय."

आणि झेंडी त्यांनी तिथेच रोवली, सेत्यादींच्याच पक्ष्याखाली. एका दमात रोवता आली नाही, दोन्ही हात लावून रोवली. कारण त्या दिवशी तोच सगळ्यांत वरचढ गायला होता, हे ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सेत्यादींनी टोपी काढली आणि पिंजरा उतरवायचं सोडून तसेच उभे राहिले. बक्षीस मिळालेला माणूस एवढा खजील झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी मी उगाच त्यांच्याकडे गेले. रातकिडे द्यायचे होते असं कारण सांगितलं. पाक पार्तोनो ओसरीवर सदऱ्यातच बसले होते. मैदानात भेटलेल्या माणसांशी फाटकापाशी बोलत राहिल्यामुळे बु तुमिनांनी ठेवलेला चहा तसाच राहिला होता, तो आता ते पीत होते. किडुंग मधूनमधून फुस्स करत होता. चहा संपवून ते उठले, झेंड्या चाळल्या आणि कुंडीत निळी रोवली.

बु तुमिनांना राहवलं नाही. "निळी? आजसुद्धा? पिवळी का नाही, पाक?"

"चहा गार होता," ते म्हणाले. मग खाली बसून त्यांनी रिकामा कप बु तुमिनांपुढे सरकवला. "उद्या गरम दे. मग बघू."

बु तुमिना कप उचलून आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि एक कप धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो येत राहिला.